मेंढा (लेखा) : अभ्यासगटातून ग्रामसभेकडे

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते देशभर ओळखले जाते. गावाच्या कारभाराचा पाया मात्र संवादाचा आहे.

येथे चर्चा आणि निर्णय यांची जागा वेगळी ठेवलेली आहे. चर्चेसाठी अभ्यासगट असतो. जंगल, कायदा, दारूबंदी, बांबू अशा विषयांवर गावकरी त्यात माहिती घेतात, शंका विचारतात. बाहेरचे जाणकारही त्यात बसतात. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल अशा सहभागी अभ्यासकांपैकी एक होते. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो अधिकार फक्त ग्रामसभेचा. तेथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एखाद्याचा विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला येतो.

या पद्धतीमुळे कायद्याची माहिती गावातच तयार झाली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. देवाजी तोफा यांच्यासारख्या गावकऱ्यांनी हक्कांचा हा लढा पुढे नेला. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात या वाटचालीची नोंद आहे.

निर्णयाआधी अभ्यास आणि निर्णयात सर्वांचा सहभाग, ही मेंढा गावाच्या स्वशासनाची दोन मुख्य सूत्रे होत.