अमेरिकेंतील शाळा आणि उन्हाळ्याची सुटी

महाराष्ट्रांत एप्रिल महिना संपत आला कीं वार्षिक परीक्षा आटोपतात, निकाल हातीं पडतो, आणि मे महिन्याच्या आरंभीं शाळांना सुटी लागते. आंब्यांच्या पेट्या, आजोळचा प्रवास, दुपारभर चाललेले पत्त्यांचे डाव, हें सारें त्या सुटीशीं जोडलेलें आहे. जूनच्या मध्यावर पावसाबरोबर शाळा पुन्हां सुरू होतात. विदर्भांत उन्हाचा ताप अधिक, म्हणून तेथें त्या आणखी थोड्या उशिरां उघडतात. अमेरिकेंतील वेळापत्रक मात्र निराळें. तेथें दक्षिणेकडील पुष्कळ शाळा मेच्या अखेरीस बंद होतात, तर न्यू यॉर्कसारख्या शहरांत जून सरत येईपर्यंत वर्ग चालू असतात आणि सप्टेंबर उजाडल्यावरच ते पुन्हां भरतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नातवंडें आंबे संपल्यावर, भर पावसांत आजीआजोबांच्या घरीं कां येतात, याचें उत्तर या वेळापत्रकांत आहे.

ही सुटी लागण्यापूर्वीं कांहीं आठवडे तेथील मुलांच्या दप्तरांतून एक पत्रक घरीं येतें. हल्लीं तें पालकांच्या दूरध्वनीवरही येतें. वरवर पाहतां त्यांत किरकोळ सूचना असतात. परंतु शाळा बंद झाली म्हणजे मुलाच्या आयुष्यांतील काय काय बंद होतें, याचा एक हिशेबच त्या पत्रकांत मांडलेला असतो. तो समजून घेणें महाराष्ट्रांतील पालकांनाही उपयोगी पडण्यासारखें आहे.

पत्रक काढणारी संस्था म्हणजे 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. नांवांत जिल्हा असला तरी महसुली जिल्ह्याशीं तिचा संबंध नाहीं. एका शहरापुरता किंवा चार-दोन गांवांपुरता शाळांचा कारभार पाहणारें तें स्थानिक मंडळ होय. अशीं सुमारें १३,००० मंडळें त्या देशांत आहेत. बहुतेक ठिकाणीं त्यांचे सभासद लोकांच्या मतांनीं निवडले जातात, आणि खर्चाचा मोठा वाटा त्या त्या भागांतील घरांवर व जमिनींवर बसविलेल्या करांतून येतो. राज्याच्या कायद्याच्या मर्यादेंत राहून सुटीच्या तारखाही बहुधा हींच मंडळें ठरवितात.

दहा-अकरा आठवड्यांची एवढी लांब सुटी आली कोठून? शेतीच्या कामांत मुलांची मदत व्हावी म्हणून, असें उत्तर अमेरिकेंतही सर्रास ऐकूं येतें. इतिहास निराळें सांगतो. एकोणिसाव्या शतकांत खेड्यांतील शाळा हिवाळ्यांत आणि ऐन उन्हाळ्यांत भरत. पेरणीचा वसंत आणि कापणीचा शरद हे दिवस सुटीचे असत. उलट मोठ्या शहरांतील शाळा वर्षांतून अडीचशेच्या आसपास दिवस चालत. पुढें कोंदट वर्गांतील उकाडा, सुखवस्तु कुटुंबांची उन्हाळ्यांत हवापालटास जाण्याची रीत, आणि शहरांत व खेड्यांत शालेय वर्ष सारखें असावें असा सुधारकांचा आग्रह, यांतून आजची सुटी घडली. जी सुटी माणसांनीं सोयीसाठीं आंखली, ती कोणाच्या सोयीची आणि कोणाच्या गैरसोयीची, हें विचारण्यास हरकत नाहीं. सुटीपूर्वींचें पत्रक म्हणजे याच प्रश्नाचें एक उत्तर आहे.

त्यांत आरंभीं नित्याच्या सूचना येतात. शेवटचा दिवस कोणता, त्या दिवशीं मुलें किती वाजतां सुटतील, प्रगतिपुस्तक केव्हां मिळेल, ग्रंथालयाचीं पुस्तकें केव्हां परत करावींत. शाळेच्या परिचारिकेकडे ठेवलेलीं मुलाचीं औषधें घरीं न्यावींत. पुढील वर्षाच्या प्रवेशासाठीं कोणत्या लशी टोंचलेल्या असल्या पाहिजेत. सुटींत नोकरी करूं इच्छिणाऱ्या मोठ्या मुलांनीं परवाना कोठून घ्यावा. त्यापुढें संकटाच्या वेळीं उपयोगी पडणारे क्रमांक असतात : अन्न, निवारा इत्यादि मदतीची माहिती देणारा २११, आणि मन खचलेल्या माणसास धीर देणारा, २०२२ च्या जुलैंत सुरू झालेला ९८८. न्यू यॉर्क शहराचें शिक्षणखातें आपलीं महत्त्वाचीं पत्रकें इंग्रजीखेरीज इतर अनेक भाषांत काढतें. त्यांत बंगाली आणि उर्दू याही आहेत. मुलाला शाळेची भाषा येते, परंतु आईला ती येत नाहीं, अशीं घरें त्या शहरांत पुष्कळ आहेत, आणि सूचना आईपर्यंत पोंचली नाहीं तर ती दिल्यासारखी होत नाहीं.

यानंतर पत्रकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. तो जेवणाचा. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही शाळेंतील दुपारचें जेवण हेंच ज्यांचें दिवसांतील भरंवशाचें जेवण आहे, अशीं मुलें थोडीं नाहींत. १९४६ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीनें राष्ट्रीय शालेय भोजनाचा कायदा झाला आणि ही सोय पक्क्या पायावर आली. पण शाळा मिटली कीं स्वयंपाकघरही मिटतें. भूक मात्र सुटीवर जात नाहीं. ही उणीव ध्यानांत येऊन १९६८ मध्यें सुटींतील भोजनाचा प्रयोग सुरू झाला, आणि १९७५ मध्यें त्याला स्वतंत्र योजनेचें रूप मिळालें. ज्या वस्तींतील निम्मीं तरी मुलें मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र असतात, तेथें केंद्र उघडतां येतें. अशा खुल्या केंद्रांवर १८ वर्षांपर्यंतच्या कोणाही मुलानें यावें आणि जेवावें. न्यू यॉर्कमध्यें हीं केंद्रें शाळांत, ग्रंथालयांत, बागांत आणि सार्वजनिक पोहण्याच्या तलावांवरही असतात. तेथें अर्ज नाहीं, ओळखपत्र नाहीं, वडिलांच्या मिळकतीची चौकशी नाहीं.

ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. गरिबीचा दाखला मागून दिलेली मदत पुष्कळदां घेतलीच जात नाहीं, कारण ती घेतांना मान खालीं घालावी लागते. बागेंत खेळणारीं सगळींच मुलें एका रांगेंत उभीं राहिलीं म्हणजे त्यांतील कोण उपाशी होता, हें कोणास कळत नाहीं.

असें असूनही या योजनेचा अनुभव विचार करावयास लावणारा आहे. शाळेच्या दिवसांत सवलतीचें जेवण घेणाऱ्या सहा-सात मुलांमागें एकादेंच मूल सुटींत या केंद्रांपर्यंत पोंचतें. अन्न असतें, वाढणारे असतात, आणि मूल येत नाहीं. कारणें साधीं आहेत. केंद्र दूर असतें. आईबाप कामावर गेलेले असतात, लहान मुलाला नेणार कोण? जेवण तेथेंच बसून जेवावें असा नियम वर्षानुवर्षें होता. खेड्यांत तो फार जाचक होई. आणि पुष्कळांना अशी सोय आहे हेंच ठाऊक नसतें. १९६८ पासूनच्या या अनुभवानें शहाणें होऊन २०२२ च्या डिसेंबरांत कायद्यांत दोन बदल करण्यांत आले. खेड्यांत जेवण घरीं नेण्यास किंवा पोंचविण्यास मोकळीक मिळाली. आणि २०२४ च्या उन्हाळ्यापासून पात्र मुलामागें १२० डॉलर, तीन महिन्यांचे मिळून, धान्य व भाजीपाला विकत घेण्यासाठीं एका कार्डावर देण्याची योजना सुरू झाली. कांहीं राज्यांनीं मात्र ती स्वीकारली नाहीं. तेथें मुलाच्या ताटांत काय पडेल, हें तें राज्याच्या सीमेच्या कोणत्या बाजूस राहतें यावर अवलंबून राहिलें.

पत्रकाचा दुसरा मोठा भाग वाचनाचा. बाल्टिमोर शहरांत कार्ल अलेक्झांडर, डोरिस एन्टविसल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८२ पासून पहिलींतील सुमारें आठशे मुलांच्या प्रगतीचा वर्षानुवर्षें मागोवा घेतला. शाळा चालू असतांना गरीब आणि सुस्थित घरांतील मुलें जवळजवळ सारख्याच वेगानें पुढें जात. सुटींत मात्र सुस्थित मुलें पुढेंच सरकत आणि गरीब मुलें जागच्या जागीं राहत. नववींत येईपर्यंत वाचनांत जें अंतर पडे, त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग प्राथमिक वर्गांतील उन्हाळ्यांमध्यें सांचलेला होता, असा निष्कर्ष त्यांनीं २००७ मध्यें मांडला. या मतावर आक्षेपही आले आहेत. नव्या परीक्षापद्धतींनीं तोच अभ्यास केला असतां अंतर तितकें वाढलेलें दिसत नाहीं, असें पॉल फॉन हिप्पेल यांनीं २०१९ मध्यें दाखविलें. अर्थात् सुटींत सर्व गरीब मुलें मागें पडतातच असें धरून चालणें बरोबर नाहीं. परंतु ज्या घरीं पुस्तक नाहीं त्या घरींही मूल वाचीत बसेल, असें कोणत्याच पक्षाचें म्हणणें नाहीं.

यावरील उपायांपैकीं एक अगदीं साधा आहे. फ्लॉरिडांतील गरीब वस्त्यांच्या शाळांत रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनीं पहिली-दुसरींतील मुलांना उन्हाळ्यापूर्वीं प्रत्येकीं १२ पुस्तकें दिलीं, असें ओळीनें तीन वर्षें. शर्त एकच : पुस्तकें मुलांनीं स्वतः निवडावयाचीं. त्यांत खेळाडूंचीं, गायकांचीं, चित्रपटांतल्या पात्रांचीं पुस्तकेंही असत. मोठ्यांनीं नाकें मुरडावीं अशीं. तीन उन्हाळ्यांनंतर या मुलांचें वाचन, पुस्तकें न मिळालेल्या मुलांहून स्पष्टपणें सरस ठरलें, आणि सर्वांत गरीब मुलांना लाभ सर्वांत अधिक झाला. हा निष्कर्ष २०१० मध्यें प्रसिद्ध झाला.

तिसरी गोष्ट मुलांवर लक्ष ठेवण्याची. आईवडील दोघेही कामावर जात असतील तर दहा आठवडे मूल कोणाजवळ ठेवावें? पैसेवाले शिबिरांचा खर्च करतात. इतर घरांत दहा वर्षांची बहीण पांच वर्षांच्या भावाला सांभाळते. न्यू यॉर्क शहरानें २०२१ पासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठीं सकाळीं अभ्यास व दुपारीं खेळ असा मोफत वर्ग सुटींत सुरू केला. पत्रकांत त्याच्या नोंदणीची तारीख असते, आणि ती चुकली कीं जागा गेली.

महाराष्ट्रांतील घरांनीं हें सारें दूरच्या देशाचें वर्तमान म्हणून सोडून देऊं नये. भारतांत शालेय भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली, आणि शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला. त्याच खटल्यांत २००४ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें सांगितलें कीं दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटींतही हें जेवण चालू ठेवावें. म्हणजे सुटींत भूक थांबत नाहीं, हें येथेंही मान्य झालेलें आहे. मात्र दुष्काळ जाहीर झालेला नसला तर मे महिन्यांत चूल थंडच राहते. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत मुलें सुटीची वाट पाहत असतात. त्याच घरीं धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाईला मात्र आपल्या मुलांची दुपार कशी जाईल, याची काळजी लागलेली असते.

साधनें येथें अगदींच नाहींत असें नाहीं. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें गांवोगांवच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळूं लागलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. शाळेंतील पुस्तकांचें कपाट सुटींत कुलूपबंद न ठेवतां पुस्तकें मुलांच्या घरीं देतां येतील काय, शाळेचें पटांगण सकाळीं दोन तास उघडें राहील काय, भागांतील वाचनालयाचा पत्ता व वेळ निकालपत्रासोबत प्रत्येक घरीं जाईल काय, हे प्रश्न त्या समितीनें एप्रिलमध्येंच विचारावयाचे आहेत. मे उजाडल्यावर विचारून उपयोग नाहीं. तोंवर शाळेचा शिपाई कुलूप लावून गांवीं गेलेला असतो. घरोघरीं सुस्थित पालकांनाही एक गोष्ट सहज करतां येईल. आपल्या मुलानें वाचून संपविलेलीं दहा-बारा पुस्तकें काढून, कामास येणाऱ्या बाईच्या मुलाला स्वतः निवडूं द्यावींत.

निकालपत्रक दरवर्षीं प्रत्येक घरीं जातेंच. त्याच्यासोबत आणखी एक कागद, आईला वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेला, सुटींत जेवण, पुस्तक आणि सांवली कोठें मिळेल हें सांगणारा, जाऊं लागला तर त्याचा खर्च फारसा नाहीं. ज्या मुलाला त्याची गरज आहे तें मूल मात्र जूनमध्यें वर्गांत परत येईल तेव्हां थोडें कमी मागें राहिलेलें असेल.