परक्या वाद्याचे घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील संगीतसंध्येच्या प्रारंभी, रायपूर येथे केलेले भाषण)



आजच्या संध्येचे प्रास्ताविक आम्ही करावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. आम्ही गवई नाही, वादकही नाही. जन्मभर ऐकत आलेला एक श्रोता, एवढीच आमची योग्यता. तेव्हा रागशास्त्राच्या खोल पाण्यात आम्ही उतरणार नाही. आज आम्हाला एका माणसाविषयी बोलावयाचे आहे. ते म्हणजे व्हायोलिनवादक आणि संगीतशिक्षक पंडित विष्णु गोविंद जोग. ‘जोगांचा आणि आपल्या रायपूरचा संबंध काय?’ असा प्रश्न एका सभासदांनी आम्हाला गेल्या आठवड्यात केला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत. मात्र ते थोड्या वळणाने येईल, तेवढा धीर धरावा.

आरंभ वाद्यापासून करू. व्हायोलिन हे आपले वाद्य नव्हे. आपल्या आजोबांच्या पिढीत त्याला ‘फिडल’ म्हणत आणि ते साहेबाचे वाद्य समजले जाई. दक्षिणेत ते अगोदर रुजले. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणले, आणि आज त्या संगीताची मैफल व्हायोलिनच्या साथीवाचून अपुरी वाटते. उत्तरेत मात्र गायकाच्या साथीला सारंगी होती, नंतर पेटी आली. या पाहुण्याला बसावयास पाट मिळण्यास शंभर वर्षे लागली.

आणि पाहुणाही कसा, तर घरची रीत शिकणारा. युरोपातला वादक हे वाद्य हनुवटीखाली धरतो, बहुधा उभ्याने वाजवतो. आपल्याकडे येऊन ते मांडी घालून बसले. त्याचे बूड वादकाच्या छातीशी आले, डोके उजव्या पावलाशी टेकले. त्याच्या चार तारा तिकडे एका ठरीव पद्धतीने लावतात. येथे त्या गायकाच्या षड्जाशी नाते जोडून षड्ज-पंचमात लागू लागल्या. त्याच्या अंगी एक गुण मात्र जन्मजात होता. त्याला पडदे नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट घसरत नेता येते, आणि मधली सारी वाट ऐकू येते. ज्या संगीताचा प्राण मींड आहे, त्याला याहून सोयरे वाद्य कोणते? परके म्हणून जे आले, ते अंतर्यामी आपलेच निघाले.

उत्तर हिंदुस्थानी संगीतात हे वाद्य प्रतिष्ठेला पोहोचवणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. औंधच्या अंतुबुवा जोशांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११–१९८७) गाणे आणि व्हायोलिन दोन्हींत अधिकारी, शिवाय मोठे गुरू. गोव्याचे श्रीधर पार्सेकर अल्पायुषी ठरले, पण त्यांच्या गजाची आठवण जुने रसिक काढीत. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांनी गायकी अंगाने हे वाद्य अक्षरशः गाते केले. या मालिकेत जोगांचे स्थान निराळे आहे, कारण त्यांचे सारे कर्तृत्व महाराष्ट्राबाहेर घडले.

जोगांचा जन्म १९२२ सालचा, मराठी घरातला. शं. चिं. आठवले, गणपतराव पुरोहित यांच्याकडे आरंभीचे शिक्षण झाले. पुढे डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचे मार्गदर्शन लाभले, आणि मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडूनही त्यांनी तालीम घेतली. बाबा स्वतः व्हायोलिन वाजवीत, हे येथे लक्षात ठेवावे. या दुहेरी शिक्षणामुळे जोगांच्या वादनात गायकीची आस होती, तशीच तंतकारीची लयही होती. तबल्याशी त्यांचा जो खेळकर संवाद चाले, तो ऐकणाऱ्यांच्या कानांतून जात नसे. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरची त्यांची जुगलबंदी घरोघरी पोहोचली. तिच्या ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असतील. फुंकेच्या वाद्याने आळवावे आणि गजाच्या वाद्याने ते जसेच्या तसे झेलावे, असा तो प्रकार होता.

लखनौला त्यांनी भातखंडे संगीत महाविद्यालयात दीर्घकाळ शिकवले. पुढे आकाशवाणीच्या सेवेत कलकत्त्याला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. १९८० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९८३ साली पद्मभूषण, असे सन्मान त्यांना मिळाले. ३१ जानेवारी २००४ रोजी कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले. ऐंशी वर्षे ओलांडलेले आयुष्य, आणि त्यातली बहुतेक वर्षे परमुलखात!

सन्मानांची यादी येथे संपवून आम्ही त्यांच्या शिक्षकपणाकडे वळतो. कारण आमच्या बोलण्याचा गाभा तेथे आहे.

लखनौचे ते महाविद्यालय १९२६ साली निघाले. तेव्हाचे नाव मॅरिस कॉलेज. ते उभे करण्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. मुंबईचा हा वकील गावोगाव हिंडून घराण्यांच्या कुलपांत बंद असलेल्या चिजा मिळवतो, त्या लिहून छापतो, आणि शाळा काढतो ती आपल्या गिरगावात नव्हे, तर अवधच्या राजधानीत! तेथे दीर्घकाळ प्राचार्य कोण, तर त्यांचे शिष्य रातंजनकर. तेथे व्हायोलिन शिकवणारे कोण, तर जोग. त्या शाळेत विद्यार्थ्याची जात, घराणे, मातृभाषा विचारण्याचा प्रघात नव्हता. घराण्याच्या शिक्षणाची थोरवी आम्ही जाणतो, पण तेथे दार ज्याला उघडे त्यालाच उघडे. शाळेचे दार फी भरणाऱ्या कोणालाही उघडे, हा त्या काळी लहानसहान बदल नव्हता.

त्या दारातून सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, एक तरुण आत आला. त्याचे नाव अमरदेव. लखनौला जोगांपाशी तो व्हायोलिन शिकला आणि मायदेशी परतून तेथल्या संगीताचा थोर पुरुष झाला. २००१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१६ साली ते निवर्तले तेव्हा सारा देश हळहळला. शेजारच्या मालदीव राष्ट्राच्या राष्ट्रगीताची चालही १९७२ साली याच अमरदेवांनी बांधली. बंगालमध्ये शिशिरकणा धर चौधरी यांच्यासारखी मोठी वादक जोगांपाशी शिकली. आता विचार करा. शिक्षक मराठी, शाळा अवधातली, विद्यार्थी सिंहली, आणि चाल मालदीवची मुले प्रार्थनेला उभी राहून गातात. मराठी माणसाच्या कर्तृत्वाचा हिशेब आपण नेहमी मराठी माणसांतच मांडतो. तो किती तोकडा आहे, हे यावरून दिसते.

व्हायोलिन शिकवणे म्हणजे काय, याचीही थोडी कल्पना द्यावीशी वाटते. पेटीवर पट्टी दाबली की स्वर निघतो, मग दाबणारा कोणी असो. व्हायोलिनवर स्वराची जागा डोळ्याला दिसत नाही. बोट केसभर इकडे-तिकडे झाले की स्वर बिघडला. गज तिरपा गेला की किरकिर. पहिले सहा महिने शिकणाऱ्याच्या घरचेसुद्धा खोलीचे दार लावून घेतात. ती किरकिर दिवसांमागून दिवस ऐकायची, तीतून एखादा नेमका लागलेला षड्ज निवडायचा आणि ‘हा बघ, हा तुझा’ म्हणून मुलाच्या हाती द्यायचा, हे शिक्षकाचे काम. मैफलीत टाळ्या असतात, येथे नसतात.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले सांगत नाही. आपल्या मंडळात असा एक शिक्षक होता. त्यांचे नाव आम्ही घेत नाही; हयात असते तर त्यांनाच ते रुचले नसते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा ते सायकलवरून येत आणि मागच्या खोलीत सतरंजी घालून आपल्या मुलांना व्हायोलिन शिकवत. मानधन म्हणून मंडळ जे देई, त्यात तारा आणि राळ तेवढी येई. पाऊस असो, परीक्षा असोत, त्यांनी वर्ग चुकवल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना मान खाली जाते. एका गणेशोत्सवात या मुलांचे वादन झाले. गौरी-गणपतीचे सामान, बांगड्या, मसाले, लग्नाची खरेदी यांसाठी आपण सारे ज्या गोल बाजारात जातो, तेथील एका बांगडीवाल्याची दहा-बारा वर्षांची मुलगी ते ऐकावयास आली होती. दुसऱ्या दिवशी वडिलांचा हात धरून ती मंडळात आली. तिला व्हायोलिन शिकावयाचे होते. घरची बोली छत्तीसगढी. प्रश्न कार्यकारिणीपुढे गेला. वर्ग सभासदांच्या पाल्यांसाठी आहे, असा नियम होता. नियमावर बोट ठेवून आम्ही नकार दिला. आम्ही म्हणजे कोणी इतर नव्हेत. विरोधात वर गेलेल्या हातांत हा हातही होता. गुरुजींनी एवढेच विचारले, की सतरंजीवर जागा उरते, ती कोणासाठी राखून ठेवायची? त्याचे उत्तर कोणी दिले नाही.

पुढे आपली मुले शिकण्यासाठी, नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. वर्गात अकरा होते, त्यांचे चार झाले, मग एक. मग गुरुजी गेले. मंडळाची दोन व्हायोलिने आज कपाटात आहेत. एकीच्या तारा तुटलेल्या, दुसरीचा गज केस झडलेला. राखीव जागा राखीवच राहिली.

गेल्या महिन्यात या उत्सवाच्या खरेदीसाठी आम्ही गोल बाजारात गेलो होतो. बांगड्यांच्या त्या दुकानात गल्ल्यावर तीच मुलगी बसली होती, आता चाळिशीकडे झुकलेली. तिने आम्हाला ओळखले. रागाचा शब्द नाही. हिशेब करताकरता तिने सहज विचारले, की मंडळात व्हायोलिनचा वर्ग अजून चालतो का. तिच्या मुलीला शिकावयाचे आहे. बांगड्यांचे पुडके हातात घेऊन आम्ही काही क्षण नुसते उभे राहिलो. ‘वर्ग बंद आहे’, हे सांगणे भाग होते. वर्ग बंद का पडला, हे सांगण्याचा धीर झाला नाही.

मंडळी, आता त्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. जोगांचा रायपूरशी संबंध काय? ज्या रातंजनकरांच्या छायेत जोग घडले, तेच रातंजनकर लखनौनंतर आपल्या शेजारी, खैरागढला आले. तेथल्या राजा बीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी कन्या इंदिरेच्या स्मरणार्थ आपला राजवाडा संगीताला दिला आणि १९५६ साली विद्यापीठ उभे राहिले. रातंजनकर त्याचे कुलगुरू होते. एकाच गुरूचा हात लखनौवर आणि छत्तीसगढवर फिरला, हा पहिला संबंध.

दुसरा संबंध याहून जवळचा. भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी घरे या भागात आहेत. आपल्या येथे टिकण्याचे श्रेय आपण गणेशोत्सवाला, नाटकांना, हळदीकुंकवाला देतो, आणि ते खोटे नाही. पण या भूमीने ज्यांना आपले म्हटले, ते माधवराव सप्रे पाहा. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले ते हिंदीत. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकाच्या हाती दिले तेही त्यांनीच. सप्रे असोत की जोग, त्यांनी आपल्याजवळचे उत्तम ते शेजाऱ्याला दिले, आणि परकेपण आपोआप गळून पडले. जपून ठेवलेले व्हायोलिन कपाटात मुके होते. दुसऱ्याच्या हाती दिलेले गाते. संस्कृतीचेही तसेच आहे, असे आम्हाला आता वाटते. हे शहाणपण आम्हाला उशिरा आले, एवढेच.

पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक ठराव मांडणार आहोत. दोन्ही व्हायोलिने दुरुस्त करावीत, खैरागढला शिकलेला शिक्षक नेमावा, वर्ग पुन्हा सुरू करावा, आणि ‘सभासदांच्या पाल्यांसाठी’ हे शब्द नियमातून काढून टाकावेत. ठरावाला विरोध होईल, हे आम्ही जाणतो. विरोधाची सारी कारणे आम्हाला पाठ आहेत. ती एके काळी आम्हीच मांडली होती. तेव्हा आज केवळ एवढीच विनंती आहे, की हात वर करण्यापूर्वी गुरुजींचा तो प्रश्न प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा. ठराव संमत झाला, तर गोल बाजारात निरोप घेऊन जाण्याचे काम आमच्याकडे द्यावे. ते आमचे देणे आहे.