आमचे येसर आणि दारावरची पाटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘आपल्या धंद्याची वेबसाइट लोकांना सापडावी कशी’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जिथे हात पोळला तिथले चार शब्द सांगायला हरकत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

आम्ही सहाजणी येसर, काळा मसाला, शेवया आणि सांडगे करून विकतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. 2022 साली आम्ही प्रत्येकी दीड हजार काढून नऊ हजारांत एका गृहस्थांकडून वेबसाइट करवून घेतली. त्यांतल्या एकीने ते दीड हजार मुलाच्या वसतिगृहाच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. मीच तिला म्हटले, "दिवाळीपर्यंत दुप्पट होतील." दिवाळी आली आणि गेली. आठ महिन्यांत एकही मागणी आली नाही. ती बाई तोंडाने काही बोलली नाही, पण पापड लाटायला येताना माझ्या शेजारचा पाट सोडून पलीकडे बसू लागली.

मग एका गृहस्थांचा फोन आला. दरमहा पाच हजार द्या, गुगलवर तुम्हांला पहिला नंबर मिळवून देतो, खात्री माझी! मी तर हो म्हणायच्या बेतात होते. त्या वेळी तीच बाई म्हणाली, "आधी कोणी येत का नाही ते कळू द्या, मग पैसे." पुढे माझ्या मुलीने वाचून दाखवले. गुगलनेच स्पष्ट लिहून ठेवले आहे की पहिल्या क्रमांकाची खात्री कोणालाच देता येत नाही. म्हणजे जी वस्तू विकायला नाहीच, तिची किंमत आम्ही मोजणार होतो.

हे सारे चालते कसे, ते मला समजले तसे सांगते. आपल्या एस. टी. स्टँडवर एखादा परगावचा माणूस उतरतो आणि पानवाल्याला विचारतो, "येसर कोण करते हो इथे?" पानवाल्याच्या कानावर जी नावे आलेली असतील तीच तो सांगणार. गुगल हा असाच एक जगड्व्याळ पानवाला. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेत ही कंपनी काढली. तिचे यंत्र एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाते, तिथले शब्द वाचते आणि त्यांची सूची करून ठेवते. ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात, त्याला मान अधिक. आता आमच्या पानाचे काय झाले होते, ऐका!

मुलगी बीडला कॉलेजात आहे. ती सुटीत आली आणि तिने वेबसाइटची आतली बाजू उघडली. तिथे एक चौकोन असतो: ‘शोधयंत्रांनी ही साइट सूचीत घेऊ नये’. काम अर्धवट असताना त्यावर खूण करतात आणि पुरे झाल्यावर ती काढतात. आमची खूण तशीच राहिली होती! पाहुण्यांसाठी सडा-रांगोळी करून आठ महिने वाट पाहत बसलो, आणि दारावर पाटी काय, तर ‘आत येऊ नये’. कोणाला दोष देऊ? मीही एकदासुद्धा स्वतः शोधून पाहिले नव्हते.

ती खूण काढली. पण तेवढ्याने भागले नाही. पानाचे शीर्षक नुसते ‘होम’ होते. मजकुरात ‘प्रीमियम क्वालिटी’, ‘ऑथेंटिक टेस्ट’ असे शब्द, आणि चौसाळा हे नाव कुठेच नाही! भाव चित्रात लिहिलेले. चित्रातली अक्षरे त्या यंत्राला साध्या अक्षरांसारखी वाचता येतीलच असे नाही. शिवाय ती चित्रे इतकी जड, की शेतातल्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत भाकरी करपावी.

खरी गंमत शब्दांची आहे. आपण येसर म्हणतो, पलीकडे येसूर म्हणतात. पुण्यात गेलेली आपली मुले तेच इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. गावाचे नावही इंग्रजीत कोणी ‘सी-एच-ए-यू’ लिहितो, कोणी ‘सी-एच-ओ-यू’. उस्मानाबादचे 2023 साली धाराशिव झाले, तरी जुन्या नावाने शोधणारे आहेतच. सर्च कन्सोल नावाची गुगलची फुकट सोय आहे, तीत लोकांनी काय लिहून आपले पान पाहिले ते दिसते. आमची समजूत, लोक ‘मसाला विकत’ असे शोधत असतील. पाहतो तो, लोक विचारत होते, ‘येसर म्हणजे काय’ आणि ‘येसराची आमटी कशी करतात’!

मग आम्ही सहाजणींनी बसून तेच लिहिले. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ वेगवेगळे भाजायचे. धने, जिरे, लवंग कशी भाजायची. येसर आधी थंड पाण्यात कालवून मग उकळीत सोडायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लग्नघरी मोठ्या पातेल्याला किती लागते. मी सांगत गेले, मुलगी लिहीत गेली. काळ्या मसाल्यावरून दोघींचे चांगलेच वाजले, ते सोडा. येसर आणि येसूर हे दोन्ही शब्द सहज वाक्यात आले. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक घातला. फोटो आमच्याच चुलीचे, आमच्याच हातांचे. पहिल्या फोटोत कोण्या शहरातल्या बाईचे स्वयंपाकघर होते, ते काढले.

एकाने सुचवले, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा ‘येसर’ लिहा, माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसते. असली लबाडी सापडली तर यंत्र पानच खाली टाकते. नणंदा-जावांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेणे हेही त्यांतलेच.

नकाशावरची नोंद फुकट आहे. पडताळणीसाठी आम्ही व्हिडिओ पाठवला: धुळे-सोलापूर महामार्गाकडून येणारा रस्ता, दारावरची पाटी, आतली जाती आणि कढया. जवळ कोण आहे हे गुगल पाहतेच, म्हणून या नोंदीचा उपयोग महामार्गाने जाणाऱ्यांना होतो. दोन गाड्या तशाच थांबल्या आणि शेवया घेऊन गेल्या.

लिज्जत पापडाच्या सात जणींनी 1959 साली गिरगावात ऐंशी रुपये उसने घेऊन काम सुरू केले. ‘लिज्जत’ हे नाव 1962 साली आले. पुढे दुकानदाराकडे माणसे नावानेच मागू लागली. आम्हांला अजून कोणी नावाने मागत नाही, येसर म्हणून मागतात. पहिला नंबरही आमचा नाही. बदलांचा गुण यायला कित्येक आठवडे गेले, मधे तर पान आणखी खाली गेले आणि मी रात्रभर तळमळले. पण मागच्या लग्नसराईत पुणे आणि लातूरकडून चौदा मागण्या आल्या. वसतिगृहाची फी वेळेवर भरली गेली, आणि ती बाई आता माझ्या शेजारच्या पाटावर बसते.

ज्यांची पिठाची गिरणी, शिवणकाम किंवा दुकान असेल, त्यांनी चहानंतर मोबाइल घेऊन मागच्या खोलीत यावे. दुकानाच्या पाटीचा एक फोटो उजेडात काढून आणावा. आणि आधी स्वतःचे नाव शोधून पाहावे.