शिरस्त्राण : सक्तीकडून स्वयंशिस्तीकडे



एकेकाळी पुण्याचा लौकिक सायकलींचे शहर असा होता. १९७२ मध्ये आलेली लूना आणि आकुर्डीत घडणारी बजाजची स्कूटर यांनी तो पालटला. आज पुणे हे दुचाकींचे शहर आहे.

या शहरातील तरुणांचे गट रविवारी पहाटे ताम्हिणी, वरंधा, महाबळेश्वरच्या दिशेने निघतात. काही गट रस्ता सुरक्षेचा संदेश घेऊनही फेऱ्या काढतात. त्यांची शिस्त पाहण्यासारखी असते. अनुभवी स्वार पुढे, दुसरा अनुभवी सर्वांत मागे. दोन गाड्यांत पुरेसे अंतर. वेग ठरतो तो सर्वांत नवख्या सोबत्यावरून. शिरस्त्राणाविना कोणी निघत नाही. मात्र यांतलेच काही जण सोमवारी लक्ष्मी रस्त्यावर बोडक्या डोक्याने हिंडताना दिसतात. घाटात जे आवश्यक वाटते, ते पेठेत अनावश्यक कसे ठरते?

‘शहरात वेग असतोच कुठे?’ हा नेहमीचा युक्तिवाद. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई सुरू करताच पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हाही तो ऐकू आला. परंतु निसर्गाचा नियम वेगळे सांगतो. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते. मग गाडी उभी का असेना! शिरस्त्राणातील थर्माकोलसारखा थर चेपतो, आघाताचा क्षण लांबवतो आणि मेंदूवरील भार हलका करतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले शिरस्त्राण पुन्हा वापरू नये. पट्टा न बांधलेले तर पडतानाच निसटते.

हा विचार कोणा सरकारी कचेरीत जन्मला नाही. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यातनाम झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक, मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास केला व १९४१ मध्ये निष्कर्ष मांडले. ब्रिटिश लष्कराने लगेच शिरस्त्राण बंधनकारक केले. सामान्य ब्रिटिश नागरिकांसाठी कायदा यायला मात्र १९७३ उजाडले. विरोध केवळ पुण्यातच होतो असे नाही.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालकाप्रमाणेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. तरीही २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ५० हजार दुचाकीस्वार व सहप्रवासी शिरस्त्राणाविना होते. त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले! घरातील कर्ता शिरस्त्राण घालतो आणि पत्नी, मुले उघड्या डोक्याने बसतात, हे चित्र किती परिचयाचे आहे!

रस्त्यांवर खड्डे आहेत, हा आक्षेप खराच. त्याबद्दल महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण खड्डा हे शिरस्त्राण टाळण्याचे कारण नव्हे, ते घालण्याचे आणखी एक कारण आहे.

दंडाच्या भीतीने पाळलेला नियम चौक ओलांडताच संपतो. स्वतःहून पाळलेला नियम मात्र घरात, गल्लीत, शेजारात झिरपतो. म्हणून सुरक्षेचा संदेश घेऊन निघालेल्या स्वारांची खरी कसोटी शेकडो किलोमीटरच्या प्रवासात नाही. परतल्यानंतर कोपऱ्यावर दूध आणायला जाताना ते खुंटीवरचे शिरस्त्राण उचलतात का, यात ती आहे.