शंभराचे तिकीट आणि परतीची गाडी

आमच्या शहापूर-मुरबाडकडे खेळ बघायला तिकीट काढायची सवय नाही. कबड्डीचे सामने असले की गावात वर्गणी निघते, मैदानावर दिवे लागतात आणि पंचक्रोशी येऊन बसते.

डिसेंबर २०२२ मध्ये कॉलेजात शिकणारी माझी पुतणी म्हणाली, "चाचा, नेरूळला भारत-ऑस्ट्रेलिया मुलींची मॅच आहे. प्रवेश फुकट." मी म्हणालो, "फुकट म्हणजे मैदान रिकामेच असणार." रणजीचे सामने बहुतेक वेळा फुकट असतात आणि खुर्च्या ऊन खात असतात. आमच्या कविसंमेलनांनाही तिकीट नसते. तिथल्या गर्दीविषयी न बोललेले बरे.

मी साफ चुकलो. ११ डिसेंबरच्या त्या रविवारी डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ४५ हजारांहून जास्त माणसे होती. शाळेच्या गणवेशातल्या मुली, कडेवर पोर घेतलेल्या आया. दोन्ही संघांच्या १८७ धावा झाल्या आणि सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. पुतणीचा घसा बसला. पुढे मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. तिथे बायका-मुलींना प्रवेश मोफत, पुरुषांना शंभर आणि चारशे रुपये. तिला फुकट आणि मला शंभर! आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासोबतचा माणूस म्हणून तिकीट काढले.

पण श्रोतेहो, हिशेब फाटकापाशी संपत नाही. आसनगावहून ठाणे, तिथे गाडी बदलून नेरूळ. वडापाव, पाणी. सामना संपेपर्यंत रात्र होते, मग कसाऱ्याची गाडी गाठायची धावपळ. आम्ही त्या रात्री मुंब्र्याला नातेवाइकांकडे मुक्काम केला, म्हणून निभावले. पुतणीची मैत्रीण मुरबाडची. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एसटी किंवा जीप, तीही वेळेत मिळाली तर. तिच्या आईने एकच प्रश्न विचारला, "परत कशी येणार?" फुकटचे तिकीट तिथेच संपले.

तरी फुकट बोलावणे वाया गेले, असे मी म्हणणार नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटे शंभर रुपयांपासून ठेवली होती. पुतणी आता नोकरीला आहे, ठाण्यात खोली घेऊन राहते. तिने भारत-न्यूझीलंड सामन्याचे तिकीट स्वतःच्या पगारातून काढले, मला विचारलेसुद्धा नाही. २०२२ साली तिच्याकडे पैसे मागितले असते, तर ती त्या मैदानाची पायरी चढली असती का, याची मला शंकाच आहे.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. भारत जगज्जेता झाला. मुरबाडच्या मैत्रिणीने तो घरी टीव्हीवर पाहिला. आता तीही कमावते. पण त्या वेळी कल्याणला उतरून ती घरी कशाने जाणार होती?