लहान शहरांच्या अभ्यासासाठी सहकार्य

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे १७ टक्के लोकच नागरी भागात राहत होते. मग येथे नगरांचा अभ्यास कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु नंदुरबार, शहादा, तळोदा व नवापूर येथे बाजार, औषधोपचार, शिक्षण आणि मजुरी यांसाठी पाड्यापाड्यांतून माणसे येतात. शहराच्या लोकसंख्येत त्यांची गणना होत नाही. पाणी, निवारा व स्वच्छता मात्र त्यांनाही लागते.

प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. लहान शहरांच्या वाट्याला असे अभ्यास क्वचितच आले. येथे माहिती मुळीच नाही असे नव्हे. ती विखुरलेली आहे. करआकारणीच्या नोंदी नगरपरिषदेत, विद्यार्थ्यांचे प्रकल्प महाविद्यालयात आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची खरी ओळख शिक्षक व पंचायत सदस्यांजवळ.

म्हणून मुख्याधिकारी, नगररचनाकार, प्राध्यापक, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी दर तीन महिन्यांनी एकत्र बसावे, एकच प्रश्न हाती घ्यावा आणि निष्कर्ष सोप्या मराठीत सर्वांना द्यावेत. हंगामी मजूर शहरात मुक्काम कोठे करतात व पाणी कोठून भरतात, येथून आरंभ व्हावा.

पंचायती व नगरपालिका यांच्या योजनांची सांगड जिल्हा नियोजन समितीने घालावी, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. योजनांची सांगड घालण्यापूर्वी माहितीची सांगड घातली पाहिजे. ते काम आपले आहे.