पोट, चिंचेचा पाला आणि उसने जंतू

(मंडळाच्या आरोग्य गटाच्या वतीने गणेशोत्सवात झालेले भाषण)



बाप्पाच्या मांडवात मलाविषयी बोलायचं म्हणून आम्हालाही संकोच वाटला. पण लंबोदरापुढे पोटाचं गाऱ्हाणं मांडायचं नाही, तर कुणापुढे?

आपल्या हजीऱ्यात तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा. पाल्यातून गुण मिळतो, तसा निरोगी माणसाच्या मलातून पोटाला मिळेल का, हे आता डॉक्टर तपासून पाहत आहेत. प्रश्न आहे आयबीएसचा: पोट दुखतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि तपासण्या मात्र ठीक. असे लोक आपल्यातही आहेत. ते पंगत टाळतात, प्रवास टाळतात आणि कारण सांगत नाहीत.

या उपचारात तपासलेल्या दात्याचा मल द्रावणात कालवून, गाळून, नळीने किंवा कॅप्सूलमधून रुग्णाच्या आतड्यात पोचवतात. ‘सी. डिफिसिल’ जंतूमुळे उलटून येणाऱ्या जुलाबांवर तो गुणकारी ठरला. २०१३ च्या डच अभ्यासात पहिल्याच खेपेला १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले.

आयबीएसचं तसं नाही. नॉर्वेच्या २०२० च्या अभ्यासात एकाच निवडक दात्याचा मल मोठ्या मात्रेत घेतलेल्या शंभरांतल्या ८९ जणांना आराम पडला. स्वतःचाच मल परत दिलेल्यांत सुमारे २४ जणांना. उलट डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात खऱ्या कॅप्सूलपेक्षा खोट्या कॅप्सूलनेच जास्त बरं वाटलं. शिवाय भोपाळच्या आयसर संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात भोपाळकडच्या आणि केरळातल्या लोकांच्या पोटातले जंतूच वेगवेगळे आढळले. मग नॉर्वेचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा कसा लागू करायचा?

घरी तर हा प्रयोग कधीच नको. अमेरिकेत २०१९ मध्ये दात्याच्या मलातून औषधांना न जुमानणारे जंतू दोन रुग्णांत शिरले. त्यांतला एक दगावला.

वजन उतरणं, मलातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार: यांतलं काहीही असेल तर ‘गॅस’ म्हणून सोडू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एक विनंती. आज प्रसादाला कुणी दुसरा मोदक नको म्हणालं, तर आग्रह करू नका, कारणही विचारू नका. त्यांना सांगावंसं वाटलं, तर मात्र न हसता ऐकून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!